जागं होणं आणि उठणं

चहा तो उभ्यानंच प्यायचा. बसला की कप हातात राहायचा आणि डोळा लागायचा.

चप्पल काढताना डावा हात भिंतीला टेकायचा. तिथे पंजाएवढा तेलकट डाग पडला होता.

खडूचे तुकडे शर्टाच्या खिशात तसेच राहायचे. त्याचे कपडे भिजवले की बादलीतलं पाणी दुधाळ व्हायचं.

जांभई आली की ‘सॉरी’ म्हणायचा. खोलीत कुणी नसलं तरी.

रात्री ताईला कुशीवर वळवायला उठला की दिवा लावायचा नाही, तिच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. मग पायाचा अंगठा पलंगाच्या त्याच एका चाकावर आपटायचा. कळ मस्तकात जायची. तो दात आवळून म्हणायचा, ‘‘गुड मॉर्निंग.’’

बोलता बोलता वाक्याच्या मध्येच पेंगायचा, आणि डोळे उघडले की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. जणू तोवर जग थांबून होतं.

हे सगळं ताईला पाठ होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसरं काय पाठ होणार.

ताई त्याची थोरली बहीण. आई-वडील गेले तेव्हा त्याला स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. ती ताईनं बांधली. पुढे ती कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर उभी राहिली आणि त्याला शिकवलं. तो वकिलाकडे टायपिस्ट झाला, पन्नाशी ओलांडून गेला, केस पिकले. पण बाहेर सगळे ‘सर’ म्हणत असताना घरात तो ‘बारक्या’च राहिला. ताई एकदा कारखान्याच्या जिन्यावरून घसरली ती कायमचीच. कमरेखालचं अंग गेलं. हात तेवढे इस्त्री फिरवून फिरवून कणखर झालेले, ते तसेच राहिले.

त्याच सुमारास वकिलानं नवी यंत्रं आणली आणि टायपिस्टाला नारळ दिला. सरांकडे शिलकीत एकच गोष्ट होती, इंग्रजी. परदेशात म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची सेवा करायला माणसं हवी होती. जाणारे पुष्कळ, पण पाठवणाऱ्या एजन्सीच्या तोंडी परीक्षेत त्यांची दातखीळ बसायची. सरांनी बाहेरच्या खोलीत क्लास काढला.

घर दोनच खोल्यांचं. बाहेर क्लास, आत ताई. ताईच्या पलंगाचं एक टोक आडवं यायचं म्हणून मधलं दार लागतच नव्हतं. नुसता पडदा. क्लासमध्ये फळा, बाकडी, खडखडणारा टेबलफॅन, आणि मधोमध एक खाट. जुनी, लाकडी, ताईचीच. तिच्यावर गादी नव्हती, सतरंजी होती.

खाटेला कारण होतं. परीक्षेत परीक्षक बाई स्वतः पलंगावर आजारी होऊन पडायची, आणि उमेदवारानं तिच्याशी बोलायचं. म्हणून इथे सर आजारी व्हायचे. डोळे मिटून खाटेवर पडायचे. कधी हात मोडलेला, कधी ताप, कधी नुसतं म्हातारपण. नियम एकच होता. वाक्य बरोबर आल्याशिवाय पेशंट हलणार नाही. विद्यार्थी चुकत राहायचे, सर मढ्यासारखे पडून राहायचे. बरोबर वाक्य आलं की डोळे उघडून म्हणायचे, ‘‘गुड मॉर्निंग.’’ मग दुपारचे चार वाजलेले असोत.

गल्लीत यावरून चेष्टा चालायची. समोरचा औषधवाला म्हणायचा, ‘‘मास्तर झोपायची फी घेतो.’’

त्यात खोटं फार नव्हतं. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. सरांना खाटही चालायची. झोपेचं सोंग घेता घेता खरी झोप यायची. खोटं घोरणं एका चालीत असायचं, खरं अडखळत. ताईला आतून फरक कळायचा. मुलांनाही कळू लागला. मग काकू तोंडावर बोट ठेवायची.

काकू म्हणजे त्या वेळच्या तुकडीतली सगळ्यात मोठी. चाळिशीची. दोन मुलं सासूकडे ठेवून परदेशी निघालेली. दुसरा ड्रायव्हर, पूर्वी टेम्पो चालवायचा. तिसरी खिदळी, तिचं नावच हसण्यावरून पडलेलं. आणखी तिघं-चौघं होते, पण तोंडाचा पट्टा या तिघांचा. काकू नाराज झाली की ड्रायव्हरला ‘ए क्लीनर’ म्हणायची. तो उलटून ‘आज्ञा, आजी’ म्हणायचा.

प्रत्येक तुकडीला सर एक धडा मात्र जिवावर उदार होऊन शिकवायचे. वेक अप आणि गेट अप.

‘‘आपल्याकडे एकच शब्द,’’ ते सांगायचे. ‘‘ऊठ. डोळे उघडायलाही ऊठ, अंथरूण सोडायलाही ऊठ. आई एकदा ‘ऊठ’ म्हणाली की दोन्ही कामं व्हायची, नाहीतर पाठीत धपाटा. तिकडे दोन कामांना दोन शब्द. ‘वेक अप’ म्हणजे जाग. ‘गेट अप’ म्हणजे पाय जमिनीवर.’’

‘‘म्हणजे सर,’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘मी सहाला वेक अप आणि साडेसातला गेट अप.’’

‘‘मधे काय करतोस?’’

‘‘मधे बायको बोलते.’’

खिदळी हसून बाकड्यावरून पडायची बाकी राहिली.

सर हसले, पण लगेच फळ्याकडे वळले. मागच्या एका तुकडीतली मुलगी याच धड्यात नापास झाली होती. परीक्षक बाई पलंगावर पडली होती. खुब्याचं ऑपरेशन कालच झालंय, आता औषधाची वेळ आहे, असा प्रसंग. मुलीनं गोड आवाजात म्हटलं, ‘‘गेट अप, प्लीज.’’ तिला म्हणायचं होतं, जाग्या व्हा. बाईनं डोळे उघडले आणि शांतपणे सांगितलं की तुझ्या पेशंटचा खुबा परत मोडला. मुलगी दोन वर्षांची तयारी करून आली होती. ती नंतर कुठे गेली कळलं नाही. सर मधूनच तिची आठवण काढायचे.

‘‘हाच फरक दुसऱ्या माणसावर चालवून बघा,’’ ते म्हणायचे. ‘‘‘वेक हर अप’ म्हणजे तिला जागं कर. त्याला आवाज पुरतो. ‘गेट हर अप’ म्हणजे तिला उठवून बसव. त्याला तुमची कंबर लागते. आवाजाचं काम कमरेवर टाकू नका, कमरेचं काम आवाजावर टाकू नका. पेशंट मरेल नाहीतर तुम्ही तरी.’’

मग एकदा उदाहरण देता देता ते बोलून गेले, ‘‘माझी ताई पहाटेच वेक अप होते. पण गेट अप होत नाही.’’

पडद्याकडे बघायचं कुणाला धैर्य होईना. सरांच्याही हातातला खडू तसाच राहिला.

आतून आवाज आला, ‘‘आणि माझा भाऊ गेट अप होतो, पण वेक अप होत नाही!’’

खोली हसण्यानं दणाणली. त्या दिवसापासून हेच उदाहरण. ताईचं नावही ‘आतल्या मॅडम’ पडलं. इतकी वर्षं पडद्याआडून ऐकून ती मधूनमधून चुका काढायची, आणि मुलं ‘यस मॅडम’ म्हणून पडद्याला सलाम ठोकायची.

पण तिनं म्हटलं ते थट्टेत म्हटलं तरी खरं होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ताईला रात्रीतून काही वेळा वळवावं लागायचं. ती जागी व्हायची. हाक मारायची नाही. अंग आंबून गेलं तरी ओठ दाबून पडून राहायची. पण त्याच्या शरीराला सवय झाली होती. तो उठायचा, अंगठा आपटायचा, गुड मॉर्निंग म्हणायचा, तिला वळवायचा, पाठीमागे उशी लावायचा, परत जाऊन पडायचा. सकाळी विचारायचा, ‘‘ताई, मी काल उठलो होतो का गं?’’

‘‘उठला होतास. जागा नव्हतास.’’

‘‘मग नीट वळवलं ना?’’

‘‘गोणी वळवतात तसं.’’

ताईला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. बारक्याला एकदा पोटभर झोप मिळावी. देवाकडे तिनं पाय मागायचं केव्हाच सोडून दिलं होतं. माणूस ठेव म्हणून ती त्याच्या मागे लागायची. तो म्हणायचा, ‘‘माणसं मीच तर तयार करतो. तयार झाली की विमानात बसतात.’’

मग ताईनंच युक्ती काढली. पलंगाच्या पायथ्याला एक दोर बांधायचा. तो हातात धरून ती स्वतःला ओढेल, उठून बसेल, स्वतःच कूस बदलेल. हात होतेच. बारक्याला उठायला नको.

त्याला ती पटली. मग काय, बाजारचा दोर का नको, तर तो हाताला काचेल. म्हणून त्यानं जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडल्या आणि वेणी घालायला घेतली. वेणी त्याला येत होती. आजारपणाच्या सुरुवातीला तो ताईचे केस विंचरायचा. ‘‘गाढवाच्या शेपटासारखी घालतोस,’’ ती म्हणायची. पुढे त्याचा तेवढा वेळ वाचावा म्हणून तिनं केस बारीक कापून घेतले. त्यावर तो एकच वाक्य बोलला होता. ‘‘आत्ता कुठे जमायला लागली होती.’’

दोराचं काम पुढे सरकेना. त्याला बसून करायचं काम होतं, आणि तो बसला की पेंगायचा. रविवारी दोन-चार पेड पडायचे. मग मान खाली. सुटू नये म्हणून झोपण्यापूर्वी टोकाला कपड्यांचा चिमटा लावायची मात्र आठवण राहायची. ताई बघत राहायची. झोप मिळावी म्हणून दोर, आणि झोपेमुळे दोर होत नाही. ती हसायची. कुणाला सांगावं असं ते हसू नव्हतं.

त्या दिवशी दुपारी क्लासमध्ये परीक्षेची उजळणी होती. एजन्सीची तारीख तोंडावर आलेली. सर चहा पिऊन आले. उभ्यानंच. ‘‘आज माझा खुबा मोडलाय,’’ ते म्हणाले. ‘‘औषधाची वेळ झाली आहे. जागं करा, पण उठवू नका.’’ ते खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले. फॅन खडखडत होता. एका चालीतलं घोरणं ताईला ऐकू आलं. खोटं. मग ते अडखळलं. खरं. मग फॅनच्या आवाजात नीटसं ऐकू येईना.

ड्रायव्हर पुढे झाला. ‘‘सर, वेक अप.’’

सर हलले नाहीत.

‘‘प्लीज राहिलं,’’ ताई आतून म्हणाली.

‘‘यस मॅडम. सर, प्लीज वेक अप. डोन्ट गेट अप.’’

सर हलले नाहीत.

‘‘बरोबर तर होतं!’’

‘‘तुझं टेम्पोचं इंग्रजी,’’ काकू म्हणाली. ‘‘हॉर्न वाजवल्यासारखं बोलतोस. सरक, क्लीनर.’’ तिनं घसा साफ केला. मुलाला उठवावं तशा आवाजात म्हणाली, ‘‘प्लीज वेक अप, सर. टाइम फॉर मेडिसिन. डोन्ट गेट अप.’’

काहीच नाही. खिदळीला हसू आवरेना. तिनंही एकदा म्हणून बघितलं. एकेकानं म्हटलं. सगळ्यांची वाक्यं बरोबर आली. त्या धड्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

‘‘सर खरोखर झोपले,’’ ड्रायव्हर कुजबुजला.

मुलं पडद्याकडे वळली. ताईनं क्षणभर विचार केला. तिची पाठ ठणकत होती. क्लासच्या आधी तो तिला वळवायला विसरला होता. असा तो विसरत नसे. पण तिला वाटलं, दमला असेल. वाटलं, बरं झालं. दिवसाउजेडी, वाऱ्यावर, कुणाची काही मागणी नसताना.

‘‘झोपू दे त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘आज कुणी उठवू नका. तुम्ही बाहेर पायरीवर बसून वाचा.’’

मुलं पाय न वाजवता बाहेर गेली. काकूनं जाताना खिडकी पुढे ओढली, त्याच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून. पायरीवर आपसात हळू आवाजात उजळणी सुरू झाली. वेक हर अप. गेट हर अप. आवाज, कंबर. ताई पडून ऐकत होती. पाठ जळत होती, आणि ती खूश होती. असं शांत घर तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. जेवढा वेळ हाक मारायची नाही तेवढी त्याची झोप, असा तिचा हिशेब चालला होता. तिनं हाक मारली नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मुलांची घरी जायची वेळ झाली. काकू आत आली, सरांच्या अंगावर चादर टाकून जावं म्हणून. पाय उघडे होते. तिनं चादर पायांवर ओढली आणि हात तिथेच थांबला.

‘‘सर,’’ ती म्हणाली. मग मोठ्यानं, ‘‘सर!’’

‘‘काय झालं?’’ ताईनं विचारलं.

काकूनं बाहेर धाव घेतली. सगळे आत आले. खाट सरकल्याचा आवाज झाला. ड्रायव्हर सरांच्या छातीवर दाब देत होता आणि आकडे इंग्रजीत मोजत होता, शिकवलं होतं तसं. खिदळी औषधवाल्याला हाका मारत रस्त्यात गेली. ‘‘बारक्या!’’ ताई ओरडली. ‘‘बारक्या, ऊठ रे!’’ तिनं पलंगाची कड धरली, अंग ओढलं. कमरेच्या वरचं सगळं अंग कडेपर्यंत आलं. पुढे येईना. पडदा हातभर लांब होता. तिला तो बाजूलाही करता येईना.

ड्रायव्हरचे आकडे बराच वेळ ऐकू येत राहिले.

डॉक्टर नंतर पडदा सारून आत आले. म्हणाले, झोपेतच गेले. हृदय थांबलं. त्रास झाला नसणार. ‘‘आधी लक्षात आलं असतं तरी फार काही...’’ ते थांबले. इतरांची वाक्यं पुरी करून घेणाऱ्या ताईनं त्यांना पुढचा शब्द विचारला नाही. ती म्हणाली, ‘‘मीच म्हटलं, झोपू दे.’’

‘‘बरोबरच म्हटलंत,’’ डॉक्टर म्हणाले.

ते बरोबर होतं की नाही, यावर ताई पुढे कुणाशीच बोलली नाही. मुलंही बोलली नाहीत. परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई पलंगावर पडली आणि ड्रायव्हर समोर नुसता उभा राहिला. शेवटी त्यानं तिच्या हाताला हात लावून बघितला, गरम आहे का. मग बोलला. तो पास झाला. काकूही झाली. खिदळी पुढच्या खेपेला बसेन म्हणाली. हल्ली ती फारशी हसत नाही.

कागदपत्रं येईपर्यंत काकू रात्री ताईजवळ झोपायला येऊ लागली. ती पद्धतशीर काम करायची. हाकेसरशी जागी व्हायची, दिवा लावायची, मग उठायची. वळवताना आधी सांगायची. गोणीसारखं कधीच नाही. तिचा अंगठा चाकाला एकदाही लागला नाही. ताई अंधारात त्या आवाजाची वाट बघत पडायची.

‘‘दिवा लावू नकोस गं,’’ ती एकदा म्हणाली.

‘‘मग मला दिसणार कसं, ताई?’’

‘‘तेही खरंच.’’

काकूचं विमान आता जवळ आलं आहे. ताईच्या एका मावसबहिणीनं आश्रमात चौकशी केली आहे. ताई बघू म्हणते. आपल्याआपण उठून बसता आलं तर इथेच राहीन, औषधवाल्याची बायको डबा देईल, असाही तिचा एक हिशेब आहे.

परवा काकूनं खिडकीत पडून राहिलेला सरांचा तो अर्धवट दोर काढून पायथ्याच्या दांड्याला बांधून बघितला. मग खाली बसली आणि उरलेल्या पट्ट्या हातात घेतल्या.

‘‘मी पुरा करू का, ताई? तासाभराचं काम आहे.’’

‘‘नको,’’ ताई म्हणाली. ‘‘तुझा हात हलका आहे. त्याची वीण घट्ट. तुझी वेणी धरून मी अंग ओढलं तर उताणी पडेन.’’

काकूनं पट्ट्या खाली ठेवल्या. सरळ केल्या, एकावर एक.

दोर तसाच बांधलेला आहे. पायथ्यापासून सुरू होतो, चांगला जाड, एकसारखा. एका जागी वीण थोडी वाकडी गेली आहे, तिथे तो पेंगला असेल. मग परत सरळ. टोकाला लाकडी चिमटा. त्याच्या पुढे तिन्ही पट्ट्या मोकळ्या. सकाळी जाग आली की ताई हात लांब करून बघते. चिमट्यापर्यंत वीतभर कमी पडतं.